पाणी कमी उडवूनही तो हरला कसा? स्प्रिंगबोर्ड डायव्हिंगचे गुण आणि १९०८चं लंडन

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनने डायव्हिंगची आठच्या आठ सुवर्णपदकं नेली. त्या दिवसांत आमच्या घरी मावशी राहायला होती. क्रिकेटखेरीज कुठलाही खेळ ती बघत नाही, पण डायव्हिंगसमोर मात्र ठाण मांडून बसली. पंधरा-वीस मिनिटांनी तिने विचारलं, "अरे, तो मघाचा मुलगा कसा सुईसारखा आत गेला, पाणी हललंसुद्धा नाही. आणि ह्याने एवढं पाणी उडवलं. मग ह्याला जास्त मार्क कसे?"

मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर शोधत गेलो तेव्हा कळलं की या प्रश्नावरून १९०४ साली दोन देशांचं चांगलंच वाजलं होतं. आज टीव्हीच्या कोपऱ्यात दिसणारे आकडे हे त्या भांडणाचं शंभर वर्षं चाललेलं उत्तर आहे.

आपल्याकडे गावाकडच्या विहिरीवर बरोबर उलटा नियम असतो. गुडघे छातीशी घेऊन, डोकं खाली घालून धपकन मुटका मारायचा. ज्याचं पाणी काठावर बसलेल्यांना भिजवेल तो बहाद्दर. सूर मारणारा मुलगा सफाईदार असेल, पण टाळ्या मुटकेवाल्याला.

## आधी फळी समजून घेऊ

डायव्हिंगचे मुख्य प्रकार दोन. एकात सिमेंटच्या पक्क्या कट्ट्यावरून उडी असते, तो प्लॅटफॉर्म, ऑलिंपिकमध्ये १० मीटर उंचीचा. दुसऱ्यात लवचिक फळीवरून उडी असते, तो स्प्रिंगबोर्ड. त्याची ऑलिंपिकमधली उंची पाण्यापासून ३ मीटर. प्लॅटफॉर्म तुम्हाला नुसती उंची देतो. फळी मात्र तुम्ही दिलेलं परत करते, तेही तुम्ही योग्य क्षणी मागितलंत तरच.

कोकणात ज्याने पोफळीच्या खोडांचा साकव ओलांडलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. साकव पायाखाली लवतो आणि वर येतो, त्याचा स्वतःचा एक ठेका असतो. तुमचं पाऊल त्या ठेक्यात पडलं तर साकव तुम्हाला उचलून पुढे टाकतो. चुकीच्या वेळी पडलं तर गुडघ्यात हिसका बसतो. स्प्रिंगबोर्डवर खेळाडू दोन-चार पावलं चालतो, एका पायावर उंच उसळतो, दोन्ही पायांनी फळीच्या टोकावर उतरतो, फळी पूर्ण लवेपर्यंत थांबतो आणि ती वर येताना तिच्याबरोबर सुटतो. ते थांबणं हीच खरी विद्या. घाईत सुटणाऱ्याला फळी काही देत नाही.

टीव्हीवर बघाल तर उडीच्या आधी खेळाडू पायाने एक चाक फिरवताना दिसतो. त्या चाकाने फळीखालचा टेकू मागेपुढे सरकतो. टेकू मागे गेला की फळी जास्त लवते, पुढे आला की ताठ होते. ज्याचं त्याचं वजन आणि ज्याचा त्याचा ठेका.

## हा खेळ आला कुठून

पाण्यात उड्या माणूस कायमच मारत आलाय. त्याला स्पर्धेचं रूप आलं ते मुख्यतः जर्मनी आणि स्वीडनमध्ये. जर्मनीत हाले नावाचं गाव आहे. तिथे खारं पाणी उकळून मीठ काढणाऱ्या कामगारांची जुनी बिरादरी होती. ही मंडळी पट्टीची पोहणारी, पुलावरून नदीत उड्या मारण्यासाठी प्रसिद्ध. डायव्हिंगची पहिली संघटना १८४० साली याच गावात निघाल्याचं सांगतात.

दुसरा धागा जिम्नॅस्टिक्सचा. दोन्ही देशांत व्यायामशाळांचं वेड होतं, आणि उन्हाळ्यात तिथली पोरं झोके, डबलबार असली साधनं पाण्याकाठी नेऊन त्यांवरून उड्या मारायची. कल्पना करा, आपल्या मल्लखांबपटूंनी खांब नदीच्या डोहाजवळ पुरला तर काय होईल? कसरत तीच, फक्त खाली गादीऐवजी पाणी.

इथेच पुढच्या भांडणाचं मूळ आहे. जिम्नॅस्टच्या दृष्टीने हवेतली कसरत म्हणजे खेळ, पाणी नुसतं झेलायला. पोहणाऱ्याच्या दृष्टीने पाण्यात शिरणं म्हणजेच खेळ.

## सेंट लुईस, १९०४: पाच जण आणि एक वाद

ऑलिंपिकमध्ये डायव्हिंग पहिल्यांदा आलं १९०४ साली, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि ऑलिंपिक हा त्यातला एक कोपरा होता. पाण्याच्या स्पर्धा प्रदर्शनातल्या कृत्रिम तळ्यात झाल्या. डायव्हिंगला पाच स्पर्धक होते, तीन जर्मन आणि दोन अमेरिकन. (आज या स्पर्धेची नोंद प्लॅटफॉर्मच्या खात्यात केली जाते.)

जर्मन खेळाडूंनी अवघड कोलांट्या मारल्या, पण पाण्यात शिरताना अंग कसंही पडायचं. अमेरिकनांच्या उड्या त्यामानाने साध्या, पण प्रवेश नेटका. पंचांनी सुवर्ण दिलं अमेरिकेच्या जॉर्ज शेल्डनला, १२.६६ गुण. जर्मनीचा गेऑर्ग हॉफमान ११.६६वर दुसरा. तिसऱ्या जागेवर अमेरिकेचा फ्रँक कीहो आणि जर्मनीचा आल्फ्रेड ब्राउनश्वाइगर, दोघेही ११.३३वर.

जर्मनांनी निषेध नोंदवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उडी म्हणजे हवेत जे केलं ते, शरीर पाण्यावर कसं पडलं याचा त्यात काय संबंध? अमेरिकनांचं म्हणणं, पोटावर आपटणाऱ्याला बक्षीस कसं द्यायचं?

माझ्या मते दोघांचंही निम्मं बरोबर होतं. गवयाने अवघड तान घेतली आणि समेवर येताना चुकला, तर त्याला साधी चीज सुरेल गाणाऱ्याच्या वर बसवायचं की खाली? मावशीचा प्रश्न तोच होता, फक्त तिने अमेरिकेची बाजू घेतली होती.

## लंडन, १९०८: फळी ऑलिंपिकमध्ये येते

पुरुषांची स्प्रिंगबोर्ड स्पर्धा म्हणून ज्याची नोंद होते ती पहिल्यांदा झाली चार वर्षांनी, लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये. या वेळी तळं किंवा नदी नव्हती. स्टेडियमच्या मधोमध, धावण्याच्या मार्गाच्या आत, १०० मीटर लांबीचा खास तलाव बांधला होता. आजचा ऑलिंपिक तलाव ५० मीटरचा असतो, म्हणजे हा त्याच्या दुप्पट. बाजूने धावणारे धावतायत आणि मध्ये कोणी पाण्यात सूर मारतंय असा सगळा देखावा. वर छप्पर नाही. इंग्लंडचा तो उन्हाळा पावसाळीच होता.

फळीवर जर्मनांनी चार वर्षांपूर्वीचं उट्टं काढलं. हाम्बुर्गचा अठरा वर्षांचा आल्बर्ट झ्युर्नर ८५.५ गुणांनी पहिला आला. त्याचाच देशबंधू कुर्ट बेहरेन्स ८५.३ गुणांनी दुसरा. फरक फक्त ०.२. तिसऱ्या जागी अमेरिकेचा जॉर्ज गाइड्झिक आणि जर्मनीचा गोटलोब वाल्झ, दोघांचे ८०.८. पुन्हा तिसऱ्या जागेवर बरोबरी, पुन्हा एक अमेरिकन आणि एक जर्मन. कांस्यपदक दोघांनाही मिळालं.

गंमत म्हणजे त्याच तलावात उंचावरच्या उड्यांच्या स्पर्धेत पहिले तिन्ही स्वीडनचे होते, याल्मार योहानसोन सर्वांत वर. फळी जर्मनांची, उंची स्वीडिशांची अशी वाटणीच होती. १९१२ला स्टॉकहोममध्ये फळीवरची तिन्ही पदकं जर्मनीने नेली: पाउल ग्युंथर, हान्स लुबर आणि पुन्हा कुर्ट बेहरेन्स. झ्युर्नरला त्या वेळी उंचावरच्या उड्यांमध्ये रौप्य मिळालं.

०.२चा तो फरक मला फार बोलका वाटतो. माणसांनी डोळ्यांनी बघून, कागदावर मांडलेले हे गुण. न रिप्ले, न स्लो मोशन. अशा निकालाला जगभर मान हवा असेल तर सगळ्यांचे नियम एक हवेत. ते एक करणारी संस्थाही याच ऑलिंपिकच्या दिवसांत जन्मली. १९ जुलै १९०८ रोजी लंडनच्या मँचेस्टर हॉटेलात आठ देशांच्या जलतरण संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. तोच फिना, आज ज्याचं नाव वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स आहे.

## मग भांडण मिटलं कसं? गुणाकाराने

हवेतली कसरत मोठी की पाण्यातला प्रवेश, यावर जो तोडगा निघाला तो एखाद्या व्यवहारी वाण्याने काढावा तसा आहे. भाव वेगळा, वजन वेगळं, आणि दोन्हींचा गुणाकार.

प्रत्येक उडीला आधीच ठरलेला एक अवघडपणाचा आकडा असतो. पंचांना तो बदलता येत नाही. खेळाडूने कोणती उडी मारायची ते आधी लिहून द्यायचं. पंच फक्त ती किती चांगली मारली याचे ० ते १० गुण देतात, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने. सुरुवात, उसळी, हवेतला आकार, पाण्यातला प्रवेश, सगळं मिळून एकच गुण.

मोठ्या स्पर्धेत पंच सात. समजा त्यांनी दिले ७, ७.५, ७.५, ८, ८, ८ आणि ८.५. यातले वरचे दोन आणि खालचे दोन काढून टाकायचे. उरले ७.५, ८ आणि ८. बेरीज २३.५. उडीचा आकडा ३.४ असेल तर २३.५ गुणिले ३.४, म्हणजे ७९.९०. पडद्यावर दिसतो तो हा आकडा.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. तीन खेळाडू घ्या. पहिल्याने पुढच्या दिशेची साधी दीड कोलांटी मारली, आकडा १.६. अगदी निर्दोष, तिन्ही पंचांचे १०. गुण: ३० गुणिले १.६, म्हणजे ४८. दुसऱ्याने साडेतीन कोलांट्या मारल्या, आकडा ३.१, आणि ८.५च्या दर्जाने. गुण ७९.०५. तिसऱ्याने साडेचार कोलांट्या घेतल्या, आकडा ३.८. पाणी उडालं, पाय जरा वाकडे गेले, मिळाले फक्त ७-७. गुण ७९.८०.

पाणी उडवलेला तिसरा पाऊण गुणाने पुढे. पण त्याला ७ऐवजी ६.५ मिळाले असते तर तो ७४.१०वर घसरला असता. अमेरिका आणि जर्मनी, दोघांच्याही म्हणण्याला तराजूत जागा मिळाली.

## १०७ बी, ५२५३ बी ही भानगड काय आहे

उडीच्या आधी पडद्यावर असा सांकेतिक आकडा येतो. घाबरण्यासारखं काही नाही, रेल्वेच्या नंबरासारखं आहे. पहिला आकडा दिशेचा. १ म्हणजे तोंड पाण्याकडे आणि कोलांटी पुढे. २ म्हणजे पाठ पाण्याकडे आणि कोलांटी मागे. ३ म्हणजे तोंड पाण्याकडे पण कोलांटी उलटी, फळीच्या दिशेने. ४ म्हणजे पाठ पाण्याकडे आणि कोलांटी फळीच्या दिशेने. ५ म्हणजे कोलांटीबरोबर गिरकीही. (६ हातांवर उभं राहून सुरू होणाऱ्या उड्यांचा, तो फक्त प्लॅटफॉर्मवर.)

१०७मधला ७ म्हणजे सात अर्ध्या कोलांट्या, म्हणजे साडेतीन. शेवटचं अक्षर शरीराच्या आकाराचं. ए सरळ, बी कमरेत दुमडून पण गुडघे ताठ, सी म्हणजे आपला विहिरीवरचा मुटका, आणि डी मोकळा आकार. आता ५२५३ बी वाचा: गिरकीची उडी, मागच्या दिशेने, पाच अर्ध्या म्हणजे अडीच कोलांट्या, तीन अर्ध्या म्हणजे दीड गिरकी, कमरेत दुमडून.

हे सगळं किती वेळात? ३ मीटरच्या फळीवरून खेळाडू साधारण दीड मीटर वर उसळला असं धरून हिशेब केला तर हवेतला वेळ जेमतेम दीड सेकंद येतो. तेवढ्यात "गणपती बाप्पा मोरया" म्हणून होईल, पण पुढचं "मंगलमूर्ती मोरया" नाही. पाण्याला भिडताना वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास.

दीड सेकंदात साडेचार कोलांट्या बसवायच्या तर फिरण्याचा वेग हवा, आणि हवेत तो आणणार कुठून? तिथे ढकलायला काही नाही. फळी सोडताना जो फेर मिळाला तोच पुरवायचा. पण शरीर आखडलं की तोच फेर वेगाने फिरतो. फुगडीत दोघी हात लांब करून फिरत असताना कोपर वाकवून जवळ आल्या की कसा वेग चढतो, तसंच. म्हणून मुटक्यात जास्त कोलांट्या बसतात, आणि शेवटी अंग ताणलं की फिरणं मंदावतं आणि सरळ पाण्यात शिरता येतं. ताणायला अर्धी पापणी लवेल एवढा उशीर झाला तर पाणी उडतं.

## पण पंचांचा काय भरवसा?

हा आक्षेप रास्त आहे. शर्यतीत घड्याळ असतं, इथे माणसाचा डोळा. वरचे आणि खालचे गुण काढून टाकायची पद्धत त्यासाठीच आहे. एखाद्याने आपल्या देशाच्या खेळाडूला साडेनऊ दिले तरी तो आकडा बहुधा कचऱ्यात जातो.

पूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. गुणांची बेरीज महत्त्वाची की किती पंचांनी तुम्हाला पहिला मानलं ते महत्त्वाचं, यावरही घोळ होता. १९२८ला ॲमस्टरडॅममध्ये उंचावरच्या उड्यांत इजिप्तचा फरीद सिमाइका याचे गुण जास्त होते, ९९.५८. त्याला विजेता जाहीरही केलं. मग हिशेब पुन्हा तपासला गेला. पाचपैकी चार पंचांनी ९८.७४ गुणांच्या अमेरिकन पीट देझार्दँला पहिलं ठेवलं होतं, म्हणून सुवर्ण त्याला गेलं. तो फळीवरचाही विजेता होता. सिमाइकाच्या वाट्याला रौप्य आलं. आजच्या पद्धतीत बेरजेचाच शब्द शेवटचा.

दहापैकी दहा मिळणंही दंतकथा नव्हे. १९८२च्या जागतिक स्पर्धेत, इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल इथे, अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसला एका उडीसाठी सातही पंचांनी १० दिले.

## १९०८चा झ्युर्नर आज टिकला असता का?

ही तुलना मला फारशी पटत नाही, पण लोक करतात म्हणून सांगतो. त्याच्या काळातली फळी म्हणजे खरोखर लाकडाची फळी. पाय घसरू नये म्हणून अशा फळ्यांवर काथ्याची चटई ठोकलेली असायची, आपल्या दारातल्या पायपुसण्यासारखी. ओल्या लाकडाची उसळी ती किती! आज वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, विमानाच्या धातूकामातून आलेल्या. उसळी वाढली म्हणून हवेतला वेळ वाढला, वेळ वाढला म्हणून कोलांट्या वाढल्या. निम्मी प्रगती स्नायूंची असेल तर बरीचशी फळीची आहे.

बायकांना फळीवर यायला १९२०चं अँटवर्प उजाडावं लागलं. तिथे पहिलं सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची आयलीन रिगिन अवघी चौदा वर्षांची होती.

आपल्याकडे १९५१च्या पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या, तेव्हा फळी आणि प्लॅटफॉर्म दोन्हीची सुवर्णपदकं भारताच्या के. पी. ठक्कर यांनी जिंकली होती. भारताच्या एकूण पंधरा सुवर्णांतली ती दोन. त्याच स्पर्धेतलं सचिन नागचं शंभर मीटरचं पोहणं निदान काही लोकांना आठवतं. ठक्कर यांचं नाव मी तरी शाळेत कधी ऐकलं नाही.

## राहिलेल्या शंका

तलावावर नळाने पाणी का मारत असतात? स्थिर, स्वच्छ पाण्याचा पृष्ठभाग वरून दिसतच नाही. गरगर फिरणाऱ्याला पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते कळावं म्हणून त्यावर तरंग उठवतात. खेळाडूंच्या हातात तो रुमालाएवढा टॉवेल कशाला? अंग ओलं असेल तर मुटक्यात नडगीवरचा हात सटकतो, आणि हात सटकला की उडी गेली.

पाणी उडत कसं नाही? आपल्याला वाटतं बोटं टोकदार जोडून शिरत असतील. तसं नाही. हात डोक्यावर ताणून, एका हाताने दुसरा धरून, तळवे सपाट पाण्याकडे. तळव्यांनी पाण्यात खड्डा पडतो आणि अख्खं शरीर त्या खड्ड्यातून आत जातं. जमलं तर आवाज येतो तो नवं मांजरपाट टर्रकन फाडल्यासारखा. टीव्हीचा आवाज वाढवून ऐका.

आणि धोका? ३ने सुरू होणाऱ्या उड्या बघताना माझा तरी श्वास अडकतो, कारण त्यात डोकं फळीकडे फिरत येतं. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत अशाच उलट्या अडीच कोलांट्यांत लुगानिसचं डोकं फळीवर आदळलं. टाके घालून तो परत आला, उरलेल्या उड्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकला.

हे सगळं मी मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आधी आकडा बघायचा, मग उडी." पुढच्या खेळाडूच्या वेळी तिने चष्मा लावला. "तीन पूर्णांक आठ," ती म्हणाली, आणि तो पाण्यात गेल्यावर पंचांच्या आधी तिने स्वतःचे गुण सांगून टाकले, "साडेसात. पाय वाकडे होते." पडद्यावर साडेसात, आठ, साडेसात असं काहीसं आलं. मग चहा थंड होईपर्यंत ती जागची हलली नाही.